ग्रीन टीत बुडवलेलं घर

“हात लावू नकोस, वाळतंय ते!” आई स्वयंपाकघरातून ओरडली.

मी गॅलरीत उभी होते. पाय ठेवायला जागा नव्हती. जुन्या वर्तमानपत्रांवर, सुपात, परातीत आणि आमच्या कॅरमच्या बोर्डावरसुद्धा ग्रीन टीची उकळून पिळलेली पानं पसरलेली होती. कॅरमवर ओली पानं कुणी घालतं का, असं विचारायची सोय नव्हती. त्या दिवशी सकाळपासून आईला काहीच विचारायची सोय नव्हती. रविवार होता आणि दुपारनंतर मला बघायला विट्याहून शितोळे मंडळी येणार होती.

“आई, माणसं मला बघायला येणारेत की गॅलरी?”

“तुला काय बघायचंय? आहेस तशी आहेस. घर बघतात माणसं. ती चाळण दे इकडं.”

त्या मुलाशी माझं लग्न झालं नाही, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगाच त्याच्यात जीव गुंतवून बसेल. मुलगा बरा होता. पण त्या रविवारी आमच्या घरात जी घालमेल चालली होती ती लग्नासाठी नव्हती. अप्पा बैठकीत येऊन चार माणसांसमोर बसणार की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर आम्हा तिघांपैकी कुणाकडेच नव्हतं.

अप्पा म्हणजे माझे वडील, वसंत जगदाळे. कऱ्हाडच्या एका हायस्कुलात त्यांनी सगळी नोकरी पीटीचे सर म्हणून काढली. भाजी आणायला निघाले तरी वाटेत कुणीतरी गाडी थांबवून “नमस्कार सर” म्हणायचं आणि ते अप्पांना मनापासून आवडायचं. त्या हिवाळ्यात त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण नंतर लघवी थांबेना. शिंक आली, हसू आलं, खुर्चीतून पटकन उठलं की थोडी व्हायचीच. डॉक्टर म्हणाले होते, काही महिने असं चालतं, हळूहळू ताबा येतो, काहींना जास्त वेळ लागतो. त्यांनी व्यायाम सांगितले होते. जन्मभर पोरांना व्यायाम शिकवलेला माणूस ते व्यायाम इमानदारीने करायचा आणि रोज थोडा थोडा खचायचा.

आधी त्यांनी बाजार सोडला. मग खाली सोसायटीच्या बाकावर बसणं सोडलं. बैठकीत पेपर वाचत बसायचे तेवढं उरलं होतं. एक दिवस शेजारची छोटी सई वाटीतून लाडू घेऊन आली, त्यांच्या गुडघ्यापाशी गेली आणि नाक दाबून म्हणाली, “आजोबा, शी!” पोर ते, आम्ही हसण्यावारी नेलं. अप्पांनी पेपरची घडी घातली, आतल्या खोलीत गेले, आणि तेव्हापासून कुणी आलं की दार लावून घ्यायला लागले. स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे, आम्ही उठायच्या आत, आणि खोलीतल्या खोलीत दोरी बांधून वाळवायचे. आईला बादलीला हात लावू द्यायचे नाहीत. “बायको आहे मी तुमची,” असं आई एकदा म्हणाली, तर म्हणाले, “म्हणूनच.”

मला बघायला माणसं येणार म्हटल्यावर त्यांनी सांगून टाकलं, “मी गावाला गेलोय म्हणून सांगा.”

“मुलीचा बाप नाही बैठकीत, असं कुठं असतं का?” आई म्हणाली.

“दिनूला बोलाव.” दिनूमामा म्हणजे आईचा भाऊ.

“बघू,” आई म्हणाली. आईचं “बघू” म्हणजे काय, ते आमच्या घरात भिंतींनाही माहीत होतं. दिनूमामाला तिने फोनसुद्धा केला नाही.

ग्रीन टी घरात आला तो कुंदामावशीच्या कृपेने. मावशीने मुंबईत त्याची एजन्सी घेतली होती. तिथे कुणी घेईना, तेव्हा तिने नातेवाइकांकडे खोकी पाठवायला सुरुवात केली. आईने एकदा कपभर करून पाहिला, एक घोट घेतला आणि उरलेला गुलाबाच्या कुंडीत ओतला. गुलाब जगला म्हणून आईला आश्चर्य वाटलं. मग एकदा सुकटाच्या चटणीने फ्रिजला वास सुटला, मावशीने फोनवर सांगितलं की वाटीत कोरडा ग्रीन टी ठेव, आणि सकाळी वास गेला. झालं! त्या दिवसापासून आईचा त्या पानांवर असा विश्वास बसला की विचारू नका. लसूण सोलला की हात ग्रीन टीने चोळायचे, विळीचा पाट त्यानेच घासायचा, मोरीच्या जाळीत त्याचं गरम पाणी, माझ्या बुटांत त्याच्या पुरचुंड्या. मी न्हायले की शेवटचा तांब्या त्याचाच. मला तर घरातल्या भांड्यासारखं वाटायला लागलं होतं, कधी माझ्यावरही पान चिकटवून ठेवतील याचा नेम नव्हता.

आणि मग तिची नजर आतल्या खोलीकडे वळली. शितोळ्यांचा दिवस ठरल्यापासून तिने दुसरं काही केलंच नाही. अप्पा आंघोळीला गेले की ती खोलीत शिरायची. जुन्या परकराच्या कापडाच्या पिशव्या शिवून त्यांत वाळलेली पानं भरली आणि गादीखाली, कपाटात, बैठकीतल्या सोफ्याच्या फटींत कोंबली. फरशी दिवसातून दोनदा त्याच पाण्याने पुसायची. शनिवारी तर तिने गाद्यांच्या चादरी आणि उशांचे पांढरे अभ्रे टबभर ग्रीन टीत भिजवून ठेवले. रविवारी सकाळी ते पिळून गॅलरीत दोरीवर टाकले आणि ती पोह्यांची तयारी करायला आत गेली.

मी चाळण उचलायला वाकले आणि वर पाहिलं. चादर उन्हात अर्धी वाळली होती.

“आई, बाहेर ये जरा.”

“कांदा चिरतेय.”

“आई, आत्ता ये.”

ती हात पुसत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. पांढऱ्या चादरीवर मोठमोठे पिवळट डाग उमटले होते. मध्ये फिके, कडेला गडद. अभ्र्यांवरही तसेच. चहा तो, रंग सोडणारच. पण ते डाग कशाचे वाटत होते हे सांगायची गरज नव्हती.

“अगंबाई,” आई हळूच म्हणाली.

“आई, हे अगदी…”

“बोलू नकोस. काढ आधी. त्या बाजूनं ओढ.”

मी चिमटे काढत होते तेवढ्यात आतल्या खोलीची खिडकी उघडली. ती गॅलरीतच उघडते. अप्पा गजांपलीकडे उभे होते. चादरीकडे, मग खाली रस्त्याकडे, मग समोरच्या गच्चीकडे पाहिलं त्यांनी.

“कुणाची चादर आहे ती?”

“अप्पा, चहाचे डाग आहेत ते.”

“कुणाची आहे, विचारलं मी.”

“तुमची,” आई म्हणाली. “अहो, चहात भिजवली होती. रंग लागलाय त्याचा. दुसरं काही नाही.”

“चहाचा रंग!” अप्पांचा आवाज चिरकला. “आणि हे खालून जाणाऱ्या माणसाला कोण सांगणार? घरोघर जाऊन सांगणारेस? समोर मोहित्यांची पोरं गच्चीवर आहेत. माझ्या हाताखाली शिकलीत ती. माझी अब्रू तू चिमटे लावून वाळत घातलीस, मालती!”

खिडकी बंद झाली. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

“मी आज बाहेर येणार नाही,” ते आतून म्हणाले. “परत विचारायला येऊ नका.”

आई ओली चादर पोटाशी धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसली. मला तिचा राग आला होता. कुणी सांगितला होता हा उपद्व्याप? गप्प गुमान साबणाने धुतली असती तर काय बिघडलं असतं? पण तिचं तोंड पाहून मी तिच्या शेजारी टेकले. तिने चादरीचा कोपरा नाकाशी नेला.

“घे वास,” ती म्हणाली.

“आई, आता काय…”

“घे म्हणते ना.”

मी घेतला. थोडा गवतासारखा, थोडा ओल्या कापडासारखा वास होता. दुसरा कसलाही नव्हता.

“वास गेलाय की नाही? डागांचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी नुसती वासामागे लागले होते.” ती उठली. “पण हे मी सांगून उपयोग नाही. त्यांचं त्यांनाच कळायला पाहिजे.”

तिने कढईखालचा गॅस बंद केला, पदर खोचला आणि आतल्या दाराशी गेली.

“अहो.”

तिने दारावर टकटक केली.

“अहो, मी बसा म्हणत नाही. गावाला गेलेत म्हणूनच सांगणार आहे. एवढंच करा, एकदा बाहेर या आणि घराचा वास घ्या. तुमच्या नाकाला कुठं जरा जरी वास लागला, तर मी जन्मात परत हा विषय काढणार नाही.”

मी उगाच पोह्यांना पाणी लावत होते, निथळत होते, परत पाणी लावत होते. त्यांचा गोळा झाला. शेवटी कडी निघाली.

अप्पा बाहेर आले ते हात मागे बांधून. शाळेच्या तपासणीला साहेब येतो तसे ते बैठकीत शिरले. सोफ्याच्या पाठीमागे वाकले. गादी उचलून हुंगली. दारामागच्या चपलांच्या कपाटापाशी थांबले. पडदा नाकाला लावला. ज्या खुर्चीत ते पेपर वाचायचे त्या खुर्चीपाशी ते सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले. खाली वाकले, उशी उलटी करून पाहिली. मला ते बघवेना. स्वतःच्या घरात स्वतःचाच वास शोधत फिरणारे माझे वडील होते ते, आणि मला रडू येत होतं.

“काय?” आईने विचारलं.

“दवाखान्यासारखा वास येतोय.”

“दवाखान्यासारखा?”

“नाहीतर हॉटेलसारखा. मोठ्या हॉटेलात असतो तसला.”

“पण दुसरा?”

अप्पांनी खुर्चीतली उशी सरळ केली. परत आत गेले, पण या वेळी दार नुसतं लोटलं. थोड्या वेळाने दाढीच्या वाटीत ब्रश फिरल्याचा आवाज यायला लागला. आईने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मी तर श्वाससुद्धा बेताने घेत होते. आईने पोहे फेकून दुसरे भिजवले. मग कपाटातून मरून रंगाचा अभ्रा काढला, अप्पांच्या खुर्चीतल्या उशीला घातला, आणि खुर्ची सरकवून बाथरूमच्या वाटेपाशी ठेवली.

शितोळे मंडळी ठरल्यापेक्षा आधीच आली. तिघंच होती. मुलगा रणजित पुण्याला कुठल्या कंपनीत होता, दंड फुगलेले, बोलायला मोकळा. त्याची आई गोरीशी, शांत. आणि वडील माणिकराव, गुरांचे डॉक्टर म्हणून निवृत्त झालेले, धिप्पाड, हसताना सगळं अंग हलणारे. आईने त्यांना बसवलं.

“सर कुठायत?” माणिकरावांनी बसता बसता विचारलं.

आईने आतल्या दाराकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड होते. ती गावाला गेलेत म्हणेल की काय, म्हणून मी पडदा जरा बाजूला सारला.

“आलो, आलो,” आतून आवाज आला. अप्पा आले. इस्त्रीचा शर्ट पँटच्या बाहेर सोडलेला, जो त्यांनी आयुष्यात कधी सोडला नव्हता. त्यांनी नमस्कार केला आणि खुर्चीत अगदी कडेला, अवघडून बसले. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट.

मी पोहे घेऊन गेले. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मी सांगितलं. माझं सगळं लक्ष अप्पांच्या हातांकडे होतं. ते बोलत होते, “हो,” “बरोबर,” “तसंच,” एवढंच. पाहुणे बोलायचे थांबले की त्यांची नजर आतल्या दाराकडे जायची. आई मध्येच उगाच म्हणायची, “पोहे घ्या ना अजून.” कुणालाच अजून पोहे नको होते.

“तुमच्याकडे सगळे ग्रीन टी घेतात का?” रणजितने एकदम विचारलं. “दारातून आत आलो तेव्हाच वास आला. मस्त वाटलं. मी पण तोच घेतो. कऱ्हाडमध्ये कुणाच्या घरी मिळेल असं वाटलं नव्हतं.”

आई त्याच्याकडे बघतच राहिली. त्याच्या आईने त्याला कोपराने ढोसलं, पण त्याला ते कळलं नाही.

“मला दुधाचा चहा नको मग. ग्रीन टीच चालेल,” तो माझ्याकडे बघून हसला.

मी स्वयंपाकघरात गेले. डबा उघडला. रिकामा. दुसरा डबा, तोही रिकामा. मावशीचं खोकं फाडून पाहिलं, त्यात चुराही नव्हता. घराच्या प्रत्येक फटीत ग्रीन टी होता, गॅलरीत कॅरमच्या बोर्डभर होता, मोरीत बादलीभर होता, आणि प्यायला एक कपभर नव्हता. पुरचुंडी उसवून करावा, हा विचारही माझ्या मनात येऊन गेला, इतकी मी वेडीपिशी झाले होते. मग मी तशीच बाहेर आले.

“ग्रीन टी संपलाय,” मी म्हणाले.

“संपला?” रणजितला हसू आलं. “एवढा वास येतोय आणि…”

आईने पदर सारखा केला. आता ती काहीतरी थाप मारणार हे मला दिसलं, आणि तिला थाप सुचत नाहीये हेही दिसलं.

“पिऊन संपलेला नाही तो,” अप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रणजितकडे बघून बोलत होते, शाळेत एखाद्या पोराला समजावतात तसे.

“आमच्याकडे तो कुणी पीत नाही. माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय. तेव्हापासून मला लघवी थांबत नाही. घराला वास येतो. म्हणून या दोघी त्या चहाच्या पाण्यानं घर पुसतायत, चादरी भिजवतायत. तुम्ही मुलगी बघायला आलात. घर कसं आहे ते कळलेलं बरं.”

रणजितचं तोंड लालबुंद झालं. मला वाटलं, अप्पा आता उठतील, आत जातील, आणि परत कधीच बाहेर येणार नाहीत. इतकी भीती मला आयुष्यात कशाची वाटली नव्हती.

माणिकरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

“बसल्या बसल्या होते का उठताना?” त्यांनी विचारलं.

“उठताना,” अप्पा म्हणाले. “हसलं की. शिंकलं की.”

“माझं शिंकेला. उठायचं आता जमतंय.”

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. “म्हणजे तुमचं…?”

“दोन वर्षं होतील ऑपरेशनला.”

“पप्पा!” रणजित खालच्या आवाजात म्हणाला.

“पप्पा काय? अरे, बैलाची लघवी तुंबली तर सगळा गाव गोठ्यात गोळा होतो. कुणी पाय धरतं, कुणी शेपूट धरतं, सरपंच कंदील धरून उभा. आणि माणसाला झालं की दार लावून बसायचं?”

अप्पा हसले. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्याने. आणि मध्येच थांबले. मी बघत होते. त्यांची बोटं खुर्चीच्या दांड्यावर आवळली, चेहरा एकदम उतरला. काय झालं ते मला कळलं, आईला कळलं, आणि मला वाटतं माणिकरावांनाही कळलं. पण ते क्षणभरही थांबले नाहीत.

“एकदा तर काय झालं, सर,” ते म्हणाले, “वासराला इंजेक्शन देताना मला शिंक आली. वासरू राहिलं बाजूला, मालकच मला म्हणतो, डॉक्टर, तुम्हालाच आधी आडवं करतो.”

अप्पांची बोटं सैल झाली. ते परत हसले, या वेळी शेवटपर्यंत. मग दोघं जे बोलायला लागले ते थांबेचनात. कुठला व्यायाम पडून करायचा, कुठला बसून. चहा किती वाजल्यानंतर बंद. प्रवासात काय घालायचं. शर्ट बाहेर सोडायची युक्ती दोघांचीही एकच निघाली. मला कुणी एकही प्रश्न विचारला नाही. रणजित मोबाइल बघत बसला, मी त्याच्यासमोर दुधाचा चहा ठेवला आणि त्याने तो मुकाट्याने प्यायला. बिचारा!

निघायची वेळ झाली. रणजित आणि त्याची आई गाडी वळवायला म्हणून आधी खाली गेली. माणिकराव उठले.

“चला, सर. खालपर्यंत सोडायला या.”

अप्पा खुर्चीत तसेच बसून राहिले. पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवायचं, ही त्यांनी आयुष्यभर पाळलेली रीत. पण ते उठत नव्हते. त्यांनी आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

“तुम्ही पुढं व्हा,” माणिकराव शांतपणे म्हणाले. “मी मागं आहे.”

अप्पा उठले. त्यांच्या राखाडी पँटला मागे ओला डाग होता. शर्टाने अर्धा झाकला होता, अर्धा नाही. ते दारातून बाहेर पडले आणि माणिकराव त्यांच्या पाठीला चिकटल्यासारखे, अगदी जवळून, जिना उतरायला लागले. पाहुणा मागे आणि यजमान पुढे, असं आमच्या जिन्यावर कधी झालं नसेल.

मी धावत गॅलरीत गेले. पानांवरून, परातीवरून, कशावरून ते कळलं नाही.

“आई, डाग दिसतोय! खाली माणसं आहेत. त्यांच्या घरच्यांना काय वाटेल?”

“त्यांना माहीत आहे,” आई म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“मी सांगितलं होतं. शितोळेबाईंचा पहिला फोन आला तेव्हाच. म्हटलं, आमचे हे असे आहेत, खोलीतून बाहेर येत नाहीत, मध्येच उठून गेले तर मनाला लावून घेऊ नका. तर त्या म्हणाल्या, अहो, आमच्याकडं तेच आहे. यांना घेऊन येते. फक्त मुलाला सांगितलं नव्हतं त्यांनी.”

मी तिच्याकडे बघत राहिले. इतके दिवस, इतकी खोकी, त्या पुरचुंड्या, दोनदोनदा पुसलेली फरशी.

“मग हे सगळं कुणासाठी केलंस तू? त्यांना माहीत होतं, तर वास लपवलास कुणापासून?”

“तुझ्या अप्पांपासून,” आई म्हणाली. “दुसऱ्या कुणाला त्याचं काही नव्हतं गं. मला तर कधीच नव्हतं. ह्यांनाच होतं.”

ती बैठकीत गेली, खुर्चीतली ओली उशी उचलली आणि बाजूला ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या नव्हतं. ती परत येऊन कठड्यापाशी उभी राहिली.

खाली गाडी गेली होती. माणिकरावांचा हात खिडकीतून हलताना दिसला तेवढाच. अप्पा फाटकात एकटे उभे होते, पाठ आमच्याकडे आणि तोंड रस्त्याकडे. आता वळायचं, म्हणजे रस्त्याकडे पाठ करायची होती. तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. तिच्यावरचा मिशीवाला माणूस उतरून त्यांच्या पाया पडला.

“सर! किती दिवसांनी! कुठं होता तुम्ही?”

“हाक मारू का त्यांना?” मी विचारलं. “काहीतरी काम काढून वर बोलावू?”

“नको.”

अप्पा त्या माणसाशी बोलत राहिले. काय बोलत होते ते वर ऐकू येत नव्हतं. त्याच्या मुलाचं काहीतरी असावं, कारण अप्पा हाताने उंची दाखवून विचारत होते. मग त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, वळले, आणि रस्त्याकडे पाठ करून जिन्याकडे चालायला लागले. त्यांनी शर्ट खाली ओढला नाही. घाईही केली नाही.

पहिल्या मजल्याचा जिना तो, कितीसा असणार. पण ते मधल्या कठड्यापाशी थांबले, आणि तिथूनच, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

“मालती! दुसरी पँट काढून ठेव गं माझी. ही ओली झालीय.”